वाचकांचे प्रश्न : आंतरराष्ट्रीय शिक्षण आणि मुलांचे चारित्र्य

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावीत आहे. अकरावी-बारावीसाठी तिला आय. बी. (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा असलेल्या शाळेत घालावे, असा आमचा विचार चालू आहे. शाळा पाहायला गेलो तेव्हा भिंतींवर जिज्ञासू, तत्त्वनिष्ठ, सहृदय अशा दहा गुणांची सुंदर फलके लावलेली दिसली. आमच्याकडे केवळ अभ्यास होत नाही, मुलांमध्ये मूल्ये रुजवली जातात, असे तेथील समन्वयक बाईंनी आवर्जून सांगितले. तेथील फी आमच्या ऐपतीच्या अगदी काठावरची आहे. मूल्ये अशी शाळेत, तीही परदेशात आखलेल्या अभ्यासक्रमातून, खरोखर रुजतात का? रुजत असतील तर अमुक शाळेत ते घडते आहे, हे आमच्यासारख्यांनी ओळखावे कसे? (एक पालक, ठाणे)

उत्तर : त्या फलकांवरून शाळेची पारख करू नका, हे आधी सांगते. ते दहा गुण आय. बी. या संस्थेने ठरवलेले आहेत आणि त्यामुळे जगभरातील प्रत्येक आय. बी. शाळेत तेच आढळतात. त्यांतले काही वाईट आहे असे नाही. परंतु त्या शाळेने स्वतः काय केले आहे, याची साक्ष ते देऊ शकत नाहीत. ती साक्ष कुठे शोधायची, हे समजण्यासाठी या शिक्षणाची कल्पना कोठून आली ते थोडे पाहावे लागेल.

पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हात राष्ट्रसंघाचे आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे काम सुरू झाले. तेथे नोकरीला आलेल्या नाना देशांच्या लोकांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये तेथील आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. पुढे १९६८ मध्ये आय. बी. संस्थेची स्थापना झाली तीही जिनिव्हातच. देश बदलला तरी मुलाचे वर्ष वाया जाऊ नये, ही व्यावहारिक गरज तिच्या मुळाशी होतीच. पण दोन महायुद्धे पाहिलेल्या शिक्षकांची एक खोल अस्वस्थताही होती. उत्तम शिकलेली माणसे एवढ्या सहजतेने क्रौर्याच्या बाजूला कशी गेली, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता.

ज्यांनी हा प्रश्न अंगावर घेतला त्यांपैकी कुर्ट हान या जर्मन शिक्षकाकडे मला पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते. १९२० मध्ये त्यांनी दक्षिण जर्मनीत सालेम येथे शाळा उभी केली. १९३२ च्या ऑगस्टमध्ये पोटेम्पा या गावी नाझी गणवेशातील माणसांनी एका मजुराला त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत तुडवून मारले आणि हिटलरने मारेकऱ्यांची उघड बाजू घेतली. तेव्हा हान यांनी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून बजावले, की हिटलरच्या दलांत जे सक्रिय असतील त्यांनी एक तर त्याच्याशी तरी संबंध तोडावा किंवा सालेमशी तरी. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला, ज्यू कुळातल्या हान यांना अटक झाली, आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनी रदबदली केल्यावर सुटका होऊन त्यांना देश सोडावा लागला. १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली, आणि १९६२ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरील सेंट डोनाट्सच्या किल्ल्यात निरनिराळ्या देशांतील तरुणांसाठी अटलांटिक कॉलेज सुरू झाले ते त्यांच्याच कल्पनेतून. आजची युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस ही चळवळ तेथून सुरू झाली. आय. बी. डिप्लोमा घडवण्यातही या कॉलेजचा मोठा वाटा आहे.

अटलांटिक कॉलेजची एक गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगते, कारण आपल्या प्रश्नाचे माझ्याकडचे उत्तर बहुतांशी तिच्यात आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी ब्रिस्टॉलची खाडी आहे आणि तेथील भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांत गणला जातो. अशा पाण्यात अडचणीत सापडलेल्यांना वाचवण्याचे काम विद्यार्थ्यांकडे आले. गोट्यांनी भरलेल्या त्या किनाऱ्यावर हवेच्या रबरी बोटींचा कापडी तळ झिजून जात असे. तेव्हा कॉलेजचे प्रमुख, निवृत्त नौदल अधिकारी डेस्मंड होर, आणि त्यांचे विद्यार्थी यांनी त्या बोटींना प्लायवूडचा टणक तळ बसवून पाहिला, पुन्हा पुन्हा बदलला, आणि त्यातून हवेच्या कडांची व टणक तळाची जी बोट तयार झाली ती आज जगभर बचावकार्यात वापरली जाते. तिचे हक्क कॉलेजने ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेला एका पौंडात देऊन टाकले. या संस्थेचे बचावकेंद्र कॉलेजात १९६३ पासून तब्बल पन्नास वर्षे चालले आणि त्या नौकांवर विद्यार्थी काम करीत.

तेथील सतरा वर्षांच्या मुलाने इंजिन धुऊन ठेवायचे ते शिक्षकांची शाबासकी मिळावी म्हणून नव्हे. ते रात्री चालू झाले नाही, तर कोणीतरी बुडणार होते. मुलाच्या हाती खरे काम आहे, त्याने ते टाळले तर कोणाचे तरी खरोखर अडणार आहे, आणि हे त्याला ठाऊक आहे, अशी परिस्थिती शाळेने निर्माण केली की प्रामाणिकपणा, सहृदयता, धैर्य हे शब्द वेगळे शिकवावे लागत नाहीत. ही परिस्थिती नसेल तर ते कितीही शिकवले तरी पाठांतरापलीकडे जात नाहीत. मूल्यशिक्षणाबाबत इतक्या वर्षांत माझे जे मत बनले आहे ते एवढेच.

हीच कल्पना आय. बी. डिप्लोमात ‘कॅस’ या नावाने आली आहे : सर्जनशील काम, शारीरिक उपक्रम आणि सेवा. सुमारे अठरा महिने हे चालते. त्याला गुण नसतात. पण ते पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही, मग सहा विषयांत आणि निबंधांत मिळून पंचेचाळीसपैकी कितीही गुण पडोत. सेवेला गुण द्यायचे नाहीत, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. मात्र प्रत्यक्षात या चांगल्या योजनेची माती होण्याची वाट इथूनच सुरू होते. गुण नाहीत, पण पुरावा हवा. म्हणून नोंदी, छायाचित्रे आणि चिंतनपर टिपणे लिहिली जातात. परदेशी विद्यापीठांच्या अर्जात हे सारे उपयोगी पडते म्हटल्यावर पालकही हौसेने हातभार लावतात, आणि मोठ्या शहरांत मुलांचे असे ‘प्रोफाइल’ बांधून देणारे सल्लागारही पैसे घेऊन हजर असतात. बालगृहात एका रविवारी जाऊन खाऊ वाटायचा, छायाचित्रे काढायची आणि परत यायचे, याला सेवा म्हणू नये. अशा भेटीतून आपण देणारे आणि समोरचे घेणारे, एवढाच धडा मूल शिकते, आणि तो न शिकवलेला बरा.

अशी टिपणे मी बरीच वाचली आहेत. एकात लिहिलेले असते : ‘आज वृद्धाश्रमात गेलो. आजी-आजोबांशी गप्पा मारल्या. खूप काही शिकायला मिळाले.’ दुसऱ्या एका मुलीने लिहिले होते : ‘आजींना नीट ऐकू येत नाही म्हणून मी मोठ्याने बोलत होते. त्या म्हणाल्या, ओरडू नकोस, माझ्यासमोर बस, मला ओठ दिसू देत. पुढच्या मंगळवारी मी समोर बसले. मग त्यांनी मला माझ्या आईचे नाव विचारले.’ पहिल्या टिपणात कोणताही दोष काढता येणार नाही, पण त्यात माणूसच नाही. दुसऱ्या मुलीचे तिच्या नकळत काहीतरी बदलले आहे, आणि त्याला कारण ‘पुढच्या मंगळवारी’ हे आहे. ती पुन्हा गेली.

म्हणून शाळेत पुन्हा जाल तेव्हा फलकांऐवजी ही माहिती विचारा. सेवेचे काम कोणत्या संस्थेबरोबर किंवा वस्तीत चालते आणि किती वर्षे चालू आहे? परीक्षेच्या महिन्यांत तेथे कोण जाते? काम काय करायचे हे शाळेने ठरवले, मुलांनी ठरवले, की तेथील माणसांना विचारून ठरले? त्या संस्थेतील एखाद्या व्यक्तीशी बोलता येईल का, असेही मोकळेपणाने विचारा. खरे काम चालत असेल तर शाळा आनंदाने गाठ घालून देईल. वर्षभरापूर्वी बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांशी बोला आणि त्यांच्या हातून काय बिघडले होते ते विचारा. काही बिघडलेच नाही असे सांगितले, तर कामात मुलांचा हात फारसा नव्हता असे खुशाल समजा.

आणखी एक. शक्य झाले तर जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास तेथे थांबा. मुले ताटे कोठे ठेवतात, टेबल कोण पुसते, स्वच्छता करणाऱ्या मावशींशी आणि बसच्या काकांशी कशी बोलतात, त्यांची नावे त्यांना ठाऊक आहेत का, हे पाहा. लाखांची फी असलेल्या शाळेत हे सांभाळणे सोपे नसते, कारण तेथील बहुतेक मुले एकाच आर्थिक थरातली असतात. वर्गात बारा देशांची मुले आहेत, पण सगळ्यांच्या घरी गाडीला ड्रायव्हर आहे, अशा वर्गात जगाची ओळख अर्धवटच होते. शाळेत शिष्यवृत्तीवर किती मुले आहेत आणि ती सहलींना, उपक्रमांना बरोबरीने जाऊ शकतात का, हेही म्हणून विचारावे.

अभ्यासाच्या बाजूने दोन गोष्टी मोलाच्या आहेत. ज्ञानमीमांसेच्या विषयात ‘हे तुला कशावरून माहीत?’ हा प्रश्न मुलांना सतत स्वतःला विचारावा लागतो, आणि चार हजार शब्दांपर्यंतचा शोधनिबंध स्वतः लिहावा लागतो. दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून देण्याचा मोह या निबंधाच्या वेळी सर्वांत जास्त असतो. त्या वेळी घरून ‘कोणाकडून तरी करून घेऊ’ असा शब्द गेला, तर दोन वर्षांत शाळेने केलेले त्या एका वाक्याने पुसले जाईल. ऐपतीच्या काठावरची फी भरून मुलीला तेथे घालायचे की नाही, हे आपणच ठरवायचे आहे. माझ्या मते वर सांगितलेली माहिती समाधानकारक मिळाली नाही, तर केवळ मूल्यांच्या नावाखाली एवढा भार उचलू नये.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आंतरराष्ट्रीय शाळांतील सेवेचे, अनुभवाचे शिक्षण वगैरे वाचून चांगले वाटते, पण आमच्या वर्गात साठ मुले, प्रयोगशाळेत तुटपुंजे साहित्य आणि आमच्यामागे माहिती भरण्याची कामे. हे सगळे श्रीमंतांच्या मुलांपुरतेच आहे का? (एक शिक्षक, कराड तालुका)

उत्तर : सर, आपण ज्या तालुक्यातून पत्र लिहिले आहे त्याच तालुक्यातील काले या गावी १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीला बसत आणि स्वतः कष्ट करून शिकत. महात्मा गांधींनी १९२७ मध्ये त्या वसतिगृहाला भेट दिली होती. मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. शंभर वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एका पंगतीत जेवणे, ही दोन देशांच्या मुलांनी एका खोलीत राहण्यापेक्षा कितीतरी मोठी झेप होती. हान आणि कर्मवीर यांची भूमी वेगळी, प्रश्न वेगळे. पण मुलाला चारित्र्य द्यायचे तर त्याच्या हाती काम आणि शेजारी वेगळा माणूस द्यावा, ही दृष्टी दोघांचीही होती. वर्ध्याला १९३७ मध्ये मांडली गेलेली गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, हीही याच बाजूची. त्यामुळे हे श्रीमंतांचे नाही, आणि परदेशातून आणायचेही नाही.

आपण विज्ञान शिकवता म्हणून एक काम सुचवते. गावच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही, हे पाहण्यासाठी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ओ. टी. (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करतात, पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरीनच्या प्रमाणात पिवळा रंग येतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असा दंडक आहे. टाकीजवळच्या नळाला हे प्रमाण ठीक असते, पण जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला, बहुधा वस्तीच्या कडेच्या घरांत, ते कमी पडण्याची शक्यता जास्त असते. नववीच्या पाच-पाच मुलांनी आठवड्यातून दोनदा त्या शेवटच्या नळाचे नमुने आणावेत, जलसुरक्षकाच्या मदतीने चाचणी व्हावी आणि नोंद शाळेच्या दर्शनी फळ्यावर लागावी. चाचणीचे द्रावण अपायकारक असते, तेव्हा ते मोठ्यांनीच हाताळावे. नमुना घेणे, रंग ताडून पाहणे, लिहिणे आणि ग्रामपंचायतीला कळवणे ही कामे मुलांची. सरपंचांना आणि ग्रामसेवकांना आधी विश्वासात घ्या, म्हणजे पहिल्या वाईट नोंदीला वाद होणार नाही.

यातली खरी परीक्षा पावसाळ्यात येते. चिखलातून त्या टोकाच्या घरापर्यंत कोण जाते, आणि कोण घरी बसून कालचाच आकडा पुन्हा लिहिते? तसा आकडा सापडला तर शिक्षा करण्याची घाई करू नका. त्या घरात तान्हे मूल आहे का, त्या घरातले पाणी कोण पिते, एवढे त्या विद्यार्थ्याला जाऊन पाहून यायला सांगा. साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांना एकाच वेळी असे काम देता येणार नाही, हे मान्य आहे. वर्षाकाठी वीस मुलांना जरी ते नीट करता आले तरी ते साठ मुलांच्या प्रभातफेरीहून अधिक मोलाचे ठरेल. आपले विद्यार्थी पुढे कनिष्ठ महाविद्यालयात जातील तेव्हा त्यांना राष्ट्रीय सेवा योजना मिळेल. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत दोनशे चाळीस तासांची सेवा अपेक्षित असते. अनेक ठिकाणी ती हजेरीपुरती उरली आहे, याचे मला मनापासून दुःख आहे, कारण आंतरराष्ट्रीय शाळा ज्याचे मोठे कौतुक सांगतात ते आपल्या सरकारी योजनेत अर्ध्या शतकाहून अधिक काळ पडून आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजसाठी अर्ज केला आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर तो जाणार. सोळाव्या वर्षी तो परदेशी मुलांबरोबर राहील, काहीही खाईल, आपल्या चालीरीती विसरेल, मराठी तर सुटेलच, अशी त्याच्या आजीला आणि खरे सांगायचे तर मलाही भीती वाटते. काय करावे? (एक वडील, नाशिक)

उत्तर : पहिल्या उत्तरात सांगितलेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजेसपैकी हे कॉलेज पुण्याजवळ मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे १९९७ पासून चालते, म्हणजे मुलगा घरापासून फार दूर जातो आहे असे नाही. अंतर आहे ते वेगळ्या प्रकारचे, आणि आपली भीती मी खोटी म्हणणार नाही. निरनिराळ्या देशांतून आलेल्या मुलांबरोबर एका खोलीत राहताना त्याला असे प्रश्न विचारले जातील, जे घरी कोणी विचारले नव्हते. तू हे का खात नाहीस? तुमच्यात लग्ने जातीतच का होतात? तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा का? यांतल्या काही प्रश्नांना तो अभिमानाने उत्तर देईल, आणि काहींवर त्याची मान खाली जाईल. जे संस्कार त्याला समजून-उमजून पटले आहेत ते या प्रश्नांतून अधिक पक्के होतील. ज्याचे समर्थन त्याला करता येणार नाही, ते सुटले तर आपण त्याचे दुःख करू नये.

आजींना मात्र यात वाटेकरी करून घ्या. घरचा उपवास, कुळाचार, दिवाळीचा फराळ यांमागची गोष्ट त्यांनी त्याला जाण्यापूर्वी सांगावी, म्हणजे खोलीतल्या मित्राने विचारले तर त्याच्याकडे सांगायला काही असेल. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली तेव्हा एका प्रांताच्या मुलाने दुसऱ्या प्रांताची भाषा आणि रीतभात प्रेमाने शिकावी, अशी त्यांची तळमळ होती. मुलाला मित्राच्या देशातला एखादा सण साजरा करावासा वाटला तर तो आपल्यापासून दूर जातो आहे, असे आजींनी मानू नये. खाण्यापिण्याविषयी आपली जी मर्यादा असेल ती आताच स्पष्ट बोला आणि तो ती का पाळेल किंवा पाळणार नाही, हे त्याच्याकडूनही ऐकून घ्या. तेथे गेल्यावर फोनवर जाब विचारलात, तर तो खरे सांगणे बंद करील. दर आठवड्याला बोलताना गुणांची चौकशी आधी करू नका. या आठवड्यात कोणाशी वाद झाला, तो मिटला का, हे विचारा.

मराठीचे म्हणाल तर एक मार्ग आहे. तेथील आय. बी. डिप्लोमात शिक्षक उपलब्ध नसलेल्या मातृभाषेतील साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यासण्याची सोय असते आणि ती सामान्य पातळीवर घेता येते. मराठीसाठी ती मिळावी म्हणून आधी विनंती करावी लागू शकते, आणि विषयांची निवड सुरुवातीलाच होत असल्याने नंतर बदल करणे कठीण जाते. म्हणून निवड झाल्याचे पत्र येताच, प्रवेशाच्या इतर कागदांबरोबरच, याबद्दल कॉलेजला लेखी विचारा आणि कोणती पुस्तके वाचायची याचा विचार मुलाने सुट्टीतच सुरू करावा. घरात वाचणारे कोणी असेल तर ती पुस्तके त्याच्याबरोबर वाचावीत.